गरवारे एंड कुठला आणि टाटा एंड कुठला?

तापीकाठ (धागाकर्ता)

गोष्ट मागच्या वर्षीच्या दिवाळीतली, लिहायला आत्ता बसलो. यंदा, म्हणजे २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी वाय पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती. नाना टीव्हीसमोरून उठले आणि म्हणाले, "मांगच्या वर्षी याच तारखेले आपण वानखेडेवर व्हतो." माझ्या लक्षातही नव्हतं. त्यांच्या होतं.

नाना म्हणजे माझे वडील. वय ७२. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. पंपघरात खुंटीला ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा आणि कसोटी सुरू असली की पाण्याच्या पाळ्या कॉमेंट्रीच्या वेळा बघून लागायच्या. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडिजविरुद्ध. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केले. त्याचं द्विशतक झाल्यावर एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारलं आणि स्टँडमधले लोक भडकले. हे सगळं नानांनी केळीला पाणी भरता भरता ऐकलेलं. तेव्हापासून ते मैदान त्यांच्या डोक्यात होतं. डोळ्यांनी बघायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. मुंबईला शंभर वेळा जाऊन आले असतील, पण लग्नाला, दवाखान्याला, मयताला. मैदानावर जायचं असतं हे कधी सुचलंच नाही कुणाला. मलासुद्धा नाही, याचं वाईट वाटतं.

आत्या कल्याणला असते. भाऊबीज ३ तारखेला होती, म्हणजे नाना जाणारच होते. न्यूझीलंडची तिसरी कसोटी १ तारखेला सुरू होणार होती. मी पाडव्याच्या दिवसाची दोन तिकिटं काढली, सुनील गावस्कर स्टँडची. नानांना कल्याणला पोचल्यावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी आत्याकडून इस्त्री मागून घेतली आणि स्वतःचं धोतर स्वतः इस्त्री केलं.

दादरला गाडी बदलली. मरीन लाइन्स सुटल्यावर उजव्या हाताला फ्लडलाइटचे खांब दिसले तेव्हा नाना दरवाज्यातल्या दांडीला धरून वाकून बघत होते. गेटवर खायचं आत नेऊ देत नाहीत, म्हणून आत्याने दिलेल्या सांजोऱ्या आणि पुऱ्या आम्ही बाहेर फुटपाथवर बसून खाल्ल्या. मग आत गेलो.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो. जिना चढून वर आलो की एकदम ते हिरवं डोळ्यासमोर येतं. मी पंत दिसतो का बघत होतो. नाना खेळाडूंकडे बघतच नव्हते. एका हाताने कठडा धरून त्यांनी विचारलं, "गरवारे एंड कोनता?" (खेळपट्टीच्या दोन टोकांना अशी नावं असतात, बॉलर कुठल्या टोकाकडून येतोय ते सांगायला.) मी दाखवला. त्यांनी मान वळवून समोरची बाजू बघितली. "मंग हा टाटा एंड." परत इकडे बघितलं, परत तिकडे. मग खाली बसले आणि म्हणाले, "माह्या डोक्यात टाटा एंड विहिरीकडे व्हता अन् गरवारे एंड बांधाकडे."

मला समजायला क्षणभर लागला. पंपघरात बसून ऐकताना त्यांनी अख्खं वानखेडे आमच्या मळ्यावर मांडलं होतं. विहिरीकडून बॉलर धावत यायचा, बांधाकडे विकेटकीपर. गावस्करचा स्ट्रेट ड्राइव्ह आमच्या विहिरीवरून जायचा. पन्नास वर्षं.

त्या दिवशी पंतने ६० केले, गिलने ९०. एजाझ पटेलने पाच विकेट घेतल्या. हा मुंबईत जन्मलेला पोरगा, २०२१ मध्ये याच मैदानावर त्याने आपल्या एका डावातल्या सगळ्या दहा विकेट काढलेल्या. दिवसअखेर न्यूझीलंड ९ बाद १७१. दुसऱ्या दिवशी आपण २५ धावांनी हरलो आणि मालिका ०-३ गेली, तेव्हा आम्ही आत्याकडे ओवाळणी उरकून टीव्हीसमोर होतो.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. खान्देशचे तिन्ही जिल्हे क्रिकेटमध्ये पुण्याच्या संघटनेखाली येतात. म्हणजे कागदावर मुंबईच्या त्या मैदानाशी आपला काही संबंध नाही. तरी नानांना ते आपलं वाटतं. ईडनचा हायकोर्ट एंडसुद्धा त्यांना पाठ आहे आणि कलकत्ता त्यांनी बघितलेलं नाही. देशातलं मोठं मैदान देशाचं होतं ते असंच, कुठल्यातरी लांबच्या मळ्यात त्याच्या दोन टोकांची नावं पोचतात तेव्हा, असं मला मनापासून वाटतं. तुमचं असं मैदान कुठलं? बघितलेलं असो की ऐकलेलं.

गिरणाथडी

भाऊ, तुमना नानानी गोट वाचीसन डोयामा पानी उनं. मना बाप बी असाच व्हता. रेडिओवर सुशील दोशीना आवाज ऊना का जेवन तसंच ऱ्हाये. बाकी नंतर लिखस.

फौजी_धुळे

माझं मैदान ईडन गार्डन्स. मी फौजेत होतो, २००१ ला पोस्टिंग फोर्ट विल्यमला. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, ईडनची जमीन मुळात फौजेची आहे. किल्ल्यापासून मैदान अगदी जवळ.

ऑस्ट्रेलिया लागोपाठ सोळा कसोटी जिंकून आलेली. आपण १७१ मध्ये गारद, फॉलोऑन. चौथा दिवस बुधवार, १४ मार्च. माझी ड्युटी रात्रीची होती, सकाळी सुटलो आणि न झोपता मैदानावर गेलो. लक्ष्मण आणि द्रविड खेळत होते. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, खेळ संपला, विकेट नाही. अख्ख्या दिवसात ३३५ धावा आणि एकही बाद नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे बंगाली बाबू होते. त्यांना बाथरूमला जायचं होतं, हे मला दिसत होतं. उठले नाहीत. मी म्हटलं, जाऊन या, मी जागा धरतो. हाताने नको म्हणाले. मी उठलो तर विकेट जाईल, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. त्या दिवशी माझ्या आसपास कुणीच जागा सोडली नाही. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, दोघांची ३७६ ची भागीदारी. पाचव्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही, पण हरभजनने विकेट काढल्या तेव्हा आवाज किल्ल्यात ऐकू येत होता.

आणखी एक लिहितो, कारण तुम्ही लॉइडचं नाव काढलं. १९९६ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला याच ईडनवर श्रीलंकेविरुद्ध आपण ८ बाद १२० होतो. लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या, सामना श्रीलंकेला देऊन टाकावा लागला. तो निर्णय देणारा मॅच रेफरी कोण होता? क्लाइव्ह लॉइड. वानखेडेवर १९७५ ला ज्याच्यासाठी लोक भडकले, त्याच माणसाला एकवीस वर्षांनी ईडनवर भडकलेल्या लोकांसमोर खेळ थांबवावा लागला. फेब्रुवारी १९९९ ला सचिनच्या रनआउटवरून पुन्हा तेच झालं आणि शेवटच्या दिवशी प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या मैदानात पाकिस्तानची कसोटी संपवली.

म्हणून मैदानाबद्दल बोलताना तिथल्या लोकांबद्दल पण बोललं पाहिजे. ईडनच्या त्या प्रकाराच्या फक्त काही आठवडे आधी, ३१ जानेवारी १९९९ ला चेपॉकवर सचिनच्या १३६ नंतरही आपण १२ धावांनी हरलो. चेन्नईचे लोक उभे राहिले आणि पाकिस्तानच्या टीमने मैदानाला फेरी मारली तेव्हा टाळ्या वाजवत राहिले. मी ते टीव्हीवर आमच्या बॅरेकमध्ये बघितलं. कारगिलच्या काही महिने आधीची गोष्ट आहे ही. त्या टाळ्यांचा मला आजही अभिमान वाटतो, फौजी असून.

अमळनेरकर

फौजीदादा, सलाम.

माझं मैदान मोटेरा, पण आठवण चांगली नाही. १९ नोव्हेंबर २०२३, वर्ल्डकपची फायनल, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. आम्ही चौघे नवजीवन एक्सप्रेसने गेलो. ही गाडी चेन्नईहून निघते आणि भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार करत अहमदाबादला जाते. म्हणजे चेपॉक आणि मोटेरा एकाच गाडीच्या दोन टोकांना आहेत आणि मध्ये आपण. गाडीत अमळनेरपासूनच निळे टीशर्ट होते. नंदुरबारला एक अख्खं कुटुंब चढलं, आजीसकट, आजीच्या गालावर पण तिरंगा.

ते स्टेडियम आतून बघितल्यावर माणूस पाच मिनिटं बोलत नाही. एक लाख बत्तीस हजारांची बैठक, जगातलं सगळ्यात मोठं क्रिकेट मैदान. २०२० मध्ये नवं झालं. जुन्या मोटेराची आठवण आमच्या काकांना आहे, १९८७ ला गावस्करने दहा हजारावी धाव तिथेच काढली आणि १९९४ ला कपिलने ४३२ वी विकेट, हॅडलीला मागे टाकून.

आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन कमिन्स म्हणाला होता की भरलेलं स्टेडियम गप्प करण्यासारखं समाधान दुसरं नाही. कोहली ५४ वर बोल्ड झाला, बॅटची कड लागून बॉल स्टंपवर. बॉलर कमिन्सच. त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. नव्वद हजारांवर माणसं आणि मला खालच्या रांगेतल्या लहान पोराच्या हातातल्या कागदी झेंड्याची फडफड ऐकू आली. सहा विकेटने हरलो. परतीच्या गाडीत ती नंदुरबारची आजी पुन्हा दिसली. गालावरचा तिरंगा अर्धा पुसलेला. नातू झोपला होता आणि ती त्याच्या तोंडावरचा रंग पदराने पुसत होती.

मैदान एवढं मोठं असलं की आनंद मोठा होतो हे सगळे सांगतात. शांतता पण तेवढीच मोठी होते.

शिरपूरकर

छान धागा. इतिहासाची थोडी भर घालतो.

देशात पहिली कसोटी १९३३ च्या डिसेंबरात झाली ती बॉम्बे जिमखान्यावर. लाला अमरनाथ यांचं ११८, भारताचं पहिलं कसोटी शतक, तिथलंच. मग १९३७ मध्ये चर्चगेटला समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न उभं राहिलं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथे पंचरंगी सामने व्हायचे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि बाकीचे अशा टीम. लोक तुफान गर्दी करायचे. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर टीम पाडण्याला स्पष्ट विरोध केला. स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली. त्या सामन्यांच्या आठवणी सांगणारे म्हातारे खेळाबद्दल भरभरून बोलतात. पण गॅलरीत कोण कुठल्या टीमसाठी ओरडत होतं याचाही विचार झाला पाहिजे. आज आपण एका टीमसाठी ओरडतो, हे त्या मैदानांवर हळूहळू घडत गेलेलं आहे.

वानखेडे झालं ते भांडणातून. ब्रेबॉर्नच्या मालक क्लबचा आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचा तिकिटं आणि जागांवरून वाद होता. शेषराव वानखेडे संघटनेचे अध्यक्ष होते, विधानसभेचेही अध्यक्ष. त्यांनी ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं. आणि वानखेडे विदर्भातले! म्हणजे मुंबईच्या सगळ्यात मोठ्या मैदानाला नाव एका नागपूरकडच्या माणसाचं. तेव्हा तापीकाठ, नानांना सांगा, त्या मैदानावर आपल्या बाजूच्या लोकांचा हक्क कागदावरही थोडा निघतो.

लालमाती_चाळीसगाव

सगळे क्रिकेटवरच लिहिताय म्हणून लिहितो. महाराष्ट्रातलं सगळ्यात देखणं स्टेडियम कोल्हापूरचं खासबाग आहे. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेले तेव्हा रोमचं कलोसियम बघून आले आणि इथे येऊन कुस्तीसाठी तसं मैदान बांधून घेतलं. मधोमध कुस्तीचा मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली गोल बैठक. मध्ये एक खांब नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पट निघताना दिसतो. आज कोट्यवधी रुपये घालून बांधलेल्या स्टेडियमांत खांबाआडची तिकिटं विकतात, तिथे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका राजाने हमाल आणि शेतकऱ्यालाही नीट दिसलं पाहिजे याचा विचार केला.

मी कुस्ती खेळलो, फार मोठा झालो नाही. वस्तादांबरोबर खासबागला एकदा गेलो. वस्तादांनी हौद्याबाहेर चप्पल काढली, माती कपाळाला लावली. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली. वास असा, की अजून हळदीचा डबा उघडला की मला ते मैदान आठवतं.

आमच्या तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारला. खान्देशातला पोरगा. इथे असं एकही मैदान नाही जिथे त्यांची कुस्ती वीस हजार माणसं बसून बघतील. आमच्याकडे यात्रेतली दंगल होते कशी माहितीये का? पडीक शेत नांगरून माती भुसभुशीत करतात आणि भोवती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गोल लावतात. पुढचे लोक मांडी घालून जमिनीवर, मागचे ट्रॉलीत उभे, त्यांच्या मागचे ट्रॅक्टरच्या टपावर. तीच आमची गॅलरी. आणि खरं सांगतो, खासबागसारखं तिथूनही सगळ्यांना दिसतं.

भुसावळ_जंक्शन

लालमातीभाऊ, ट्रॉल्यांचं वाचून खूप छान वाटलं.

आमचं घर रेल्वेचं. वडील लोकोत. भुसावळच्या रेल्वे मैदानावर लहानपण गेलं, त्यामुळे क्रिकेटपेक्षा फुटबॉल आणि हॉकी जास्त बघितली. १९९७ ला मी कलकत्त्याजवळ लिलुआला ट्रेनिंगला होतो. १३ जुलैला कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर फुटबॉलच्या फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. एक लाख एकतीस हजारांवर लोक होते. भारतात कुठल्याही खेळाच्या सामन्याला एवढी माणसं जमल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बाकड्यांवर बसायला जागा कुठली, सिमेंटच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या गुडघ्यात गुडघे. बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली, ईस्ट बंगाल ४-१. संध्याकाळी लिलुआच्या बाजारात इलिश माशाचा भाव चढला होता. ईस्ट बंगाल जिंकलं की त्यांचे लोक इलिश घरी नेतात आणि बागान जिंकलं की बागानवाले कोळंबी. मैदानावरचा निकाल मासेवालीच्या टोपलीत दिसतो. असं गाव मी दुसरं बघितलं नाही.

पण त्याच शहरात १६ ऑगस्ट १९८० ला ईडनवर ह्याच दोन टीमच्या सामन्यात दंगल होऊन १६ जण गेले. दर वर्षी त्या तारखेला तिथे रक्तदान होतं. माझे बंगाली सोबती मला घेऊन गेले होते, मीही दिलं. यंदा ४ जूनला बंगळुरूला चिन्नास्वामीबाहेर ११ जण चेंगरून गेले तेव्हा मला तेच आठवलं. सामना नव्हता, आयपीएल जिंकल्याचा सोहळा होता. पोरं तिकीट नसताना फक्त जवळ असावं म्हणून गेली होती. स्टेडियमची भिंत जेवढी उंच, तेवढी तिच्या बाहेरच्या माणसाची काळजी घ्यायला पाहिजे. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हॉकीचं थोडक्यात. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर १९८२ च्या एशियाडला आपण पाकिस्तानकडून १-७ हरलो. वडील त्या रात्री जेवले नव्हते. आता त्या स्टेडियमला ध्यानचंद यांचं नाव आहे. आणि २०२३ ला ओडिशात राउरकेलाला बिरसा मुंडांच्या नावाचं हॉकी स्टेडियम झालं, वीस हजारांवर खुर्च्यांचं. तिथल्या आदिवासी पाड्यांतून पिढ्यान् पिढ्या हॉकीपटू निघाले, त्यांच्या दारात मैदान नेलं. मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

नंदनगरी

भुसावळदादा, राउरकेलाचं तुम्ही लिहिलंत म्हणून धीर आला, नाहीतर नुसतीच वाचत होते.

मी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते. आमच्या मुलींसाठी स्टेडियम म्हणजे बालेवाडी. पुण्याचं ते संकुल १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलं, २००८ ला कॉमनवेल्थ युवा स्पर्धा तिथेच झाल्या. आम्ही राज्य पातळीच्या शालेय स्पर्धेला सात मुली घेऊन गेलो. पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅक बघितला तेव्हा एकही मुलगी त्याच्यावर पाय ठेवेना. ओला आहे असं त्यांना वाटलं. मग एक खाली बसली, बोटाने दाबून बघितलं, आणि म्हणाली, "मॅडम, हे मऊ आहे." सातही जणी बसल्या आणि दाबून बघायला लागल्या. आजूबाजूच्या शाळांच्या मुली थांबून बघत होत्या. मला कुणाला काही समजावून सांगावंसं वाटलं नाही, मीही बसून हात लावला. माझीही पहिलीच वेळ होती.

पंधराशे मीटरवाली मुलगी घरी मुरमाच्या रस्त्यावर अनवाणी पळते. सराव दुपारी दीडला. चौथ्या फेरीला तिचे तळवे भाजले. संध्याकाळी पाण्याच्या बादलीत पाय घालून बसली होती. दुसऱ्या जिल्ह्याच्या एका प्रशिक्षकांनी स्वतःहून स्पाइक्स दिले, अर्ध्या नंबरने मोठे. रात्री बाकीच्या झोपल्यावर ती व्हरांड्यात स्पाइक्स घालून नुसती चालत होती, टक टक टक. पुढे कागद कोंबला होता. सकाळी शर्यतीत पाचवी आली. पदक नाही. पण वेळ तिच्या स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा अकरा सेकंदांनी कमी.

२ नोव्हेंबरला मुली दिवाळीच्या सुट्टीत पाड्यावर होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हिचाच फोन आला. शेफालीचे ८७ आणि दीप्तीच्या पाच विकेट तिला पाठ झाल्या होत्या. मग विचारते, "मॅडम, डी वाय पाटील बालेवाडीएवढं आहे का?" म्हटलं, वेगळं आहे, तिथे पंचेचाळीस हजार लोक बसतात. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "सगळे मुलींनाच बघायला आले होते?"

मी हो म्हटलं.

केळीचं_पान

ताई, वाचून अंगावर काटा आला. आता राग लिहितो.

राज्यात तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुलं बांधायची सरकारी योजना आहे. आमच्या तालुक्यात संकुल झालं. कंपाउंड झालं, कमान झाली, कोनशिला झाली. गेटला कुलूप. आत गवत कमरेएवढं. पोरं बाहेरच्या डांबरी रस्त्यावर खेळतात आणि ट्रक आला की स्टंप उचलतात. किल्ली कुणाकडे, हे विचारत मी तीन टेबलं फिरलो. मुलींसाठी कपडे बदलायची खोली आहे, तिला दार नाही. ज्या देशात एक लाख बत्तीस हजारांचं स्टेडियम बांधता येतं, तिथे एका खोलीला दार लावता येतं.

मोठी स्टेडियमं नकोत असं मी म्हणत नाही. मीही वानखेडेवर गेलोय आणि २०११ ला धोनीचा सिक्स टीव्हीवर बघून रस्त्यावर नाचलोय. पण नंदनगरीताईंच्या मुलीला मऊ ट्रॅक पहिल्यांदा बोटाने दाबायला पुण्याला जावं लागतं, हे मला सहन होत नाही.

लालमाती_चाळीसगाव

दाराचं खरंय. आमच्या गावच्या पोरांनी तालमीचं दार वर्गणी काढून बसवलं. तुमच्या संकुलाला लागलं तर सांगा, सुतार आमच्याकडचा आहे, मी घेऊन येतो.

केळीचं_पान

नक्की भाऊ. व्यक्तिगत निरोप करतो. आधी परवानगीचा अर्ज टाकतो, म्हणजे नंतर कुणी अडवायला नको.

नंदनगरी

दाराचं झालं तर मला फोटो टाका, आमच्या मुलींना दाखवते. आणि तापीकाठदादा, या मुलींना एकदा मोठ्या स्टेडियमवर नुसतं बसून बघायला न्यायचंय. कसोटीची तिकिटं परवडणार नाहीत.

तापीकाठ (धागाकर्ता)

ताई, रणजीचा सामना बघा. बहुतेक ठिकाणी तिकीटच नसतं. आपल्याला जवळचं म्हणजे नाशिकचं अनंत कान्हेरे मैदान, महाराष्ट्राचा सामना तिथे लागला की. कठड्याजवळ बसता येतं, बॉलरचा श्वास ऐकू येतो. तारीख लागली की इथेच टाकतो. जेवणाचं मी बघतो, तेवढं माझ्याकडे ठेवा.

केळीचं_पान, तुमचा राग बरोबर आहे. मूळ पोस्टमध्ये मी हे लिहायला हवं होतं.

फौजी_धुळे

तापीकाठ, एक विचारायचं राहिलं. नानांना रेडिओवरचं मैदान आणि खरं मैदान यात काय कमी वाटलं? काहीतरी वाटलंच असणार.

तापीकाठ (धागाकर्ता)

फौजीदादा, नानांना विचारून लिहितोय.

म्हणाले, "सांगनारा नव्हता." रेडिओवर दोन बॉलच्या मध्ये कुणीतरी बोलत असतं. फील्डिंग कशी लावलीये, वारा कुठून आहे, बॅट्समनने हेल्मेट काढून घाम पुसला. मैदानावर बॉल पडतो, लोक ओरडतात आणि मग नुसता गलका. पहिला अर्धा तास ते अस्वस्थ होते. मला वाटलं ऊन लागतंय.

मग ते स्वतःच हळू आवाजात बोलायला लागले. "एजाझ पटेल, गरवारे एंडकडून. एक स्लिप, एक सिली पॉइंट. गिलनं पाय पुढे टाकला, बॉल तटवला, धाव नाही." बाळ पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत वाढलेला माणूस, वाक्य कुठे तोडायचं ते त्यांना नेमकं माहीत. मी ऐकत राहिलो, मध्ये बोललो नाही. आमच्या पुढच्या रांगेत एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता, आईवडिलांबरोबर आलेला, कंटाळलेला. तो आधी मान वळवून बघायला लागला. मग खुर्चीवर उलटा गुडघ्यांवर बसला, मैदानाकडे पाठ करून, तोंड नानांकडे. त्याची आई म्हणाली, अरे, मॅच तिकडे आहे. तो म्हणाला, "आजोबा सांगतायत ना."

नानांनी आवाज थोडा मोठा केला. चहाच्या सुट्टीपर्यंत आमच्या आसपासच्या दोन रांगा गप्प बसून ऐकत होत्या.